चेंबर गरम हाय

शिरवण्यातल्या त्या गॅरेजमध्ये कुणीही गेलं तरी पहिला नमस्कार गाडीला व्हायचा. माणूस स्टँड लावून, हेल्मेट काढून, घाम पुसून "काय काका" म्हणेपर्यंत फिटरकाका खाली उकिडवे बसलेले असायचे आणि त्यांचा उजवा हात, पालथा, इंजिनाला लागलेला असायचा. मग तसंच बसून, वर न बघता, ते सांगायचे, "तुर्भ्यावरनं आलास. वाटंत धा मिनटं थांबला हुतास. चा प्याला असशील." आणि माणूस खरोखरच तुर्भ्याहून आलेला असायचा. चहाही प्यायलेला असायचा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, म्हातारा फेकतोय. मी मुद्दाम म्हणालो, "मी इथूनच आलो, बेलापूरहून." त्यांनी हात काढला नाही. "बेलापुरावरनं यायला एवढी तापत न्हाई ही. पनवेलकडनं आलायस लेका. पयल्याच भेटीत खोटं कशाला?" मी पनवेलहूनच आलो होतो. चारचौघांत असा उघडा पडल्यावर माणसाला राग येतो तसा मलाही आला, आणि दुसऱ्या रविवारी मी पुन्हा गेलो.

त्यांचं शास्त्र साधं होतं, आणि ते लपवायचेही नाहीत. "समदे लोक वरच्या हेडला हात लावत्यात. हेडला काय, दोन किलोमीटरात तापतंय. खालच्या चेंबरला, इंजिनाच्या बुडाला, हात लाव. त्याला तापाय पंधरा-वीस किलोमीटर लागत्यात. हेड कुणालाबी फसवंल. चेंबर न्हाई फसवत." एवढंच. ह्या एवढ्याशा गोष्टीपायी मी हे सगळं लिहायला बसलोय.

ते मूळचे साताऱ्याकडचे. तुर्भ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. कारखाना बंद पडला तेव्हा बरोबरचे गावी निघून गेले. यांनी शिरवणे गावात एका आगरी घराचा रस्त्याकडचा गाळा धरला आणि जुन्या मोटरसायकली दुरुस्त करू लागले. जुन्या म्हणजे किती, तर पन्नाशीच्या पुढच्या. त्याखालची गाडी कुणी आणली की म्हणायचे, "ल्हान हाय अजून. मोठी हून दे, मग आण." लोकांना वाटायचं थट्टा करतात. थट्टा नव्हती. एकजण सत्तेचाळीस वर्षांची गाडी घेऊन आला होता, त्याला खरोखरच परत पाठवलं.

दुपारी साडेबाराला कारखान्याचा भोंगा व्हायचा तेव्हा ते डबा खायचे. कारखाना पाडून तिथे काचेची इमारत उभी राहिली, तरी साडेबाराला हे पाना खाली ठेवणार, "भोंगा झाला" म्हणणार आणि उठून जाणार. समोर कोण उभा आहे, गाडी किती उघडी पडली आहे, काही बघायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, "काका, कसला भोंगा? कुठे ऐकू येतोय?" तर माझ्याकडे कीव केल्यासारखं बघून म्हणाले, "तुला येत न्हाई, त्याला मी काय करू?" फोनवर कुणी गाडीची तक्रार सांगू लागलं की म्हणायचे, "फोन गाडीपाशी धर. तू बोलू नगो." मग अर्धा मिनिट गाडीचं ऐकायचे आणि फोन ठेवून द्यायचे. माणसाला काय झालंय ते कधीच सांगायचे नाहीत.

असा माणूस लोकांना आवडतो, असं म्हणतात. मला त्यांची चिडचिडच जास्त व्हायची. तरी मी जायचो. मी बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर कुणी खरं बोलत नाही, आम्हीही बोलत नाही. त्यामुळे असेल.

एका रविवारी मी घरी सांगितलं, पनवेलला आत्याला बघायला जातो. आणि गेलो जुईनगरला, मित्राकडे कॅरम खेळायला. येताना शिरवण्यात थांबलो. तेवढ्यात आत्याचाच घरी फोन आलेला, आणि आमची सौभाग्यवती रिक्षा करून थेट गॅरेजवर हजर. मला ओलांडून पुढे गेली. काकांना म्हणाली, "काका, ही गाडी पनवेलला जाऊन आलीय का हो?" काका खाली बसले. मी तिच्या पाठीमागून दोन्ही हात जोडले, गळ्याला चिमटा घेऊन दाखवला, काय काय केलं. त्यांनी हात लावला आणि म्हणाले, "न्हाई पोरी. ही इथल्या इथंच फिरलीया."

घरी आठ दिवस मला चहासुद्धा हातात मिळाला नाही. नंतर मी त्यांच्यावर जाऊन ओरडलो, "एक शब्द फिरवला असतात तर काय आकाश कोसळणार होतं?" ते स्पार्क प्लग घासत होते. म्हणाले, "तिनं मला इचारलं असतं तर मी गप बसलो असतो. तिनं हाताला इचारलं."

ह्या वाक्यावर मी तेव्हा हसलो होतो. पुढे ते मला चांगलंच महागात पडलं.

गॅरेजच्या भिंतीवर, बरोब्बर मधोमध, एक रिकामा खिळा होता. भिंतीवर बाकी सगळीकडे पाने, चेन, ट्यूब टांगलेल्या, पण त्या खिळ्यावर काही लावायची सोय नव्हती. मी एकदा नवखेपणाने त्यावर हेल्मेट अडकवलं. त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं. "त्याचा मालक यायचा हाय अजून."

मालक म्हणजे एक पितळी पाटी. दर हिवाळ्यात जुन्या मोटरसायकलींची एक लांबची दौड निघते, ह्या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत. बेलापूरच्या खाडीचं पाणी बाटलीत भरून घ्यायचं आणि पाच दिवसांनी मच्छलीपट्टणमच्या किनाऱ्यावर ते समुद्रात ओतायचं. घाई नाही, शर्यत नाही. पण नियम कडक. जोडीने जायचं. रोजच्या ठाण्यावर ठरल्या वेळेच्या आत पोचून कार्डावर शिक्का घ्यायचा. आणि सगळं अंतर गाडी स्वतःच्या चाकांवर गेली पाहिजे. जोडीतली एक गाडी कुठल्याही टेम्पोवर चढली, अगदी चार किलोमीटरसुद्धा, तर दोघेही बाद. पोचलेल्या जोडीतल्या प्रत्येकाला एक पितळी पाटी.

काका दोनदा गेले होते. दोन्ही वेळा त्यांची गाडी शेवटपर्यंत नीट चालली आणि दोन्ही वेळा जोडीदारापायी ते बाद झाले. पहिल्यांदा जोडीदाराच्या गाडीची चासी सोलापूरला मोडली. दुसऱ्यांदा जोडीला पनवेलचे चाचा होते. तांदळाचे व्यापारी, रायगडचे मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. आम्ही सगळेच त्यांना चाचा म्हणायचो. हैदराबादच्या पुढे त्यांची चेन तुटली. एका ट्रॅक्टरवाल्याने त्यांना गाडीसकट ट्रॉलीत घालून पुढच्या गावात सोडलं, तिथे त्यांनी चेन बसवली आणि निघाले. कुणी पाहिलं नव्हतं. काकासुद्धा पुढे निघून गेले होते. गप्प बसले असते तर आज दोघांच्या घरी पाट्या असत्या. पण ठाण्यावर पोचल्यावर चाचांनी कार्ड पुढे करायच्या आधीच सांगून टाकलं, "आमची गाडी ट्रॉलीत बसली. लिवा काय लिवायचंय ते."

ही हकीगत मला चाचांनीच सांगितली. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. "फिटर मला एक शब्द बोलला नाय रे. दोन चा आनले, एक माज्या हातात दिला आनि म्हनला, लई बरं केलंत. बस. तवापासून तो खिला बगितला ना, की माजी मान खाली जाते."

तिसऱ्यांदा काकांनी मला विचारलं. म्हणजे विचारलं नाहीच. म्हणाले, "मणक्याचं दुखणं हाय. डाक्टर म्हनतो ह्या सालानंतर गाडी बंद. तुझी गाडी तयार करतो, रजा टाक." मी हुरळून म्हणालो, "काका, मलाच का?" तर म्हणाले, "दुसरं कोण मोकळं हाय?"

माझी गाडी वडिलांची, हिरव्या टाकीची, टू-स्ट्रोक. तिला वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून द्यावं लागतं, नाहीतर पिस्टन कोरडा चालतो आणि इंजिन जाम होतं. काकांनी मला खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली दिली होती. एका टाकीला एक बाटली ऑइल. "आधी तेल, मग पेट्रोल, मग हँडल धरून गाडी हलव. झोपेत बी चुकायचं न्हाई." तीन दिवस मी हे न चुकता केलं. तीन दिवस आम्ही दोघं पुढेमागे चाललो होतो, त्यांची परदेशातून बोटीने आलेली जुनी काळी गाडी धिम्या ठोक्याने पुढे, माझी मागे फटफटत. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून माझ्या ताटात एक भाकरी वाढली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे फार झालं.

चौथ्या दिवशी बाराच्या सुमारास हैदराबादच्या बाहेर पेट्रोल पंपावर थांबलो. काका भरून पुढे निघाले. माझ्या गाडीभोवती कॉलेजची पोरंपोरी जमली. "अंकल, कितनी पुरानी है? अंकल, एक फोटो." मी अंकल झालो याचं वाईट वाटायच्या ऐवजी मी हिरो झालो. टाकीवर हात ठेवून, गॉगल लावून उभा राहिलो. पंपवाल्याने तेवढ्यात पेट्रोल भरलं, झाकण लावलं. मी किक मारली, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि निघालो.

पन्नासेक किलोमीटरवर एका चढावर गाडीने कर्रर्र आवाज केला आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. पडता पडता वाचलो. बाजूला घेतली, खाली उतरलो, आणि जॅकेटच्या खिशाला हात लागला. ऑइलची बाटली भरलेली होती.

अर्धा तास थांबलो. आता ऑइल ओतलं, गाडी हलवली, सगळं केलं. दोन किलोमीटर गेली आणि पुन्हा जाम. दुपारचे सव्वादोन झाले होते. ठाणं चार वाजता बंद होणार, आणि पस्तीस किलोमीटर बाकी. इंजिन नीट गार व्हायला निदान तास हवा होता. हिशेब बसतच नव्हता. तेवढ्यात टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन जाणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "क्या साब, चढा दूं?"

मी विचार केला नाही, असं म्हणणं सोपं आहे. मी विचार केला. चांगली पाच मिनिटं केला. काकांच्या खिळ्याचा केला, त्यांच्या मणक्याचा केला. त्यांच्यासाठीच करतोय असं स्वतःला पटवलं. आणि त्याच वेळी मला कचेरीतला तो कोपरा दिसत होता, जिथे मी ती पाटी ठेवणार होतो. खोटं कशाला सांगू, तो कोपराच जास्त दिसत होता.

ठाण्याच्या दोन किलोमीटर अलीकडे मी गाडी उतरवून घेतली. किक मारली, चालू झाली. चाराला वीस मिनिटं कमी असताना मी फटफटत ठाण्यावर पोचलो.

ठाणं म्हणजे एका ढाब्यासमोरचं टेबल. टेबलामागे दौडीच्या निरीक्षक बाई, पुण्याच्या, स्वतः जुनी गाडी चालवणाऱ्या, सरळ माणूस. काका बाकावर बसून माझी वाट बघत होते. मी कार्ड पुढे केलं. बाईंनी शिक्का उचलला नाही. म्हणाल्या, "तुम्हाला एक विचारायचंय. हिरव्या टाकीची गाडी टेम्पोत पाहिली, असं मागून आलेले एक जण सांगतायत. हिरव्या टाकीच्या तीन गाड्या आहेत म्हणून विचारते. तुमची नव्हती ना?"

"छे," मी म्हणालो. "मी चालवत आलो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. त्यांच्या हाताची ख्याती दौडीत सगळ्यांना माहीत होती. म्हणाल्या, "काका, गाडी तुमच्याच जोडीदाराची आहे. तरी तुम्हीच हात लावून सांगा. तुम्ही म्हणाल ते मी लिहीन."

आजूबाजूचे आठ-दहा जण चहाचे ग्लास घेऊन बघत उभे राहिले. काका उठले. मणका धरून, गुडघे कडकडवत खाली बसले. मी मनात म्हणत होतो, हेडला लावा काका, आज एक दिवस हेडला लावा. त्यांचा हात हेडवरून न थांबता खाली गेला आणि चेंबरला टेकला. पालथा.

मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. इंजिनाला हात असताना माणसाकडे बघितलेलं मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला तेव्हा बोलता आलं असतं. चाचा बोलले होते तसं. तीन शब्दांचं काम होतं. मी खाली माझ्या बुटांकडे बघत राहिलो.

"गरम हाय," काका म्हणाले.

"काय म्हणालात?" बाईंना ऐकू आलं नव्हतं.

"चेंबर गरम हाय. चालवत आलाय."

शिक्का बसला. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. काकांनी उठून तो हात खिशात घातला आणि चहा डाव्या हाताने प्यायले.

पाचव्या दिवशी आम्ही मच्छलीपट्टणमला पोचलो. जो तो बाटली घेऊन पाण्यात धावत होता, फोटो काढत होता. काका वाळूवर बूट घालूनच उभे राहिले. मला त्यांची बाटली दिली. "तूच वत." मी दोन्ही बाटल्या ओतल्या. पाट्या मिळाल्या. परतीच्या प्रवासात ते माझ्याशी वाईट वागले नाहीत. वागले असते तर बरं झालं असतं.

इकडे कचेरीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आमच्या साहेबांचं भाषण. साहेब म्हणाले, आजच्या काळात जिद्द आणि सचोटी अशी एकत्र दुर्मीळ झाली आहे. मी मान डोलावली. बायकोने माझा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. चौऱ्याऐंशी जणांनी अंगठ्याचं चित्र टाकलं.

शिरवण्याला काकांच्या गॅरेजमध्येही लोक जमले. काका पाटी पोत्यात गुंडाळून ठेवणार होते, पण मंडळींनी ऐकलं नाही, खिळ्यावर लावलीच. तेवढ्यात पनवेलहून चाचा आले, मिठाईचा मोठा डबा घेऊन. पाटीसमोर उभे राहिले, तिच्यावरून बोटं फिरवली, आणि काकांना घट्ट मिठी मारून हमसून हमसून रडायलाच लागले. "फिटर, आज माजं ओझं उतरलं रे. माज्या पायी गेलं होतं, आज आलं." काकांचे दोन्ही हात खाली लोंबकळत होते. मग चाचा माझ्याकडे वळले, माझं डोकं छातीशी धरलं. म्हणाले, "तू केलास ते मला नाय जमलं बेटा." मी त्यांच्या डब्यातली मिठाई खाल्ली. खाल्ली, आणखी काय करणार होतो?

दुसऱ्या दिवशी पाटीवर इंजिन पुसायचा कळकट फडका टांगलेला होता. तो पुढे कायम तिथेच राहिला.

मी एकदा माफी मागायला गेलो. खूप धीर करून गेलो. म्हणालो, "काका, जरा बोलायचं होतं." सकाळचे दहा वाजले होते. त्यांनी पाना खाली ठेवला. "भोंगा झाला," म्हणाले, आणि उठून निघून गेले.

मला त्यांचा राग येतो. आजही येतो, खोटं कशाला बोलू. "गार हाय" म्हणाले असते, तर काय झालं असतं? मी चारचौघांत चोर ठरलो असतो. रडलो असतो, भांडलो असतो, महिनाभर त्यांचं तोंड पाहिलं नसतं, आणि मग एका रविवारी पुन्हा गेलो असतो. माझ्या एका कॅरमच्या डावासाठी ज्या माणसाने खोटं बोलायला नकार दिला, त्याने तिथे, त्या टेबलासमोर, सगळ्यांच्या देखत हाताला खोटं बोलायला लावलं. स्वतःच्या त्या खिळ्यासाठी बोलले की माझी लाज राखायला, हे मी त्यांना विचारलं नाही. खिळ्यासाठी असेल तर फडका का टांगला? आणि माझ्यासाठी असेल, तर मी मागितलं होतं का? मी तर बुटांकडे बघत होतो. असं मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतो, आणि दर वेळी हरतो.

आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. काका गाळा सोडून गावी गेले. जायच्या आधी मी शेवटचा एकदा गेलो होतो, दौडीनंतर सहा-सात महिन्यांनी. गाडी काढली, मुद्दाम दुसरीकडे कुठेही न थांबता सरळ गॅरेजवर नेली, त्यांच्या समोर स्टँडवर लावली आणि बाजूला होऊन उभा राहिलो. हेल्मेटसुद्धा काढलं नाही. त्यांनी खाली बसावं, हात लावावा, आणि काहीही, अगदी काहीही सांगावं म्हणून.

ते स्टुलावर बसले होते. उठले नाहीत. उजवा हात मांडीवर तसाच राहिला. गाडीकडे त्यांनी बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"कुटनं आलास?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून कुणालाच विचारलेला ऐकला नव्हता.

"बेलापूरहून," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

"असंल," ते म्हणाले, आणि पाना शोधायला आत गेले.